गाडीच्या फ्लोअरचा गंज: रंगाचा डबा उघडण्याआधी काय काय करायचं

बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात गाडी वापरत असाल तर आज एवढं करा. पुढची रबरी मॅट उचला, खालच्या कार्पेटवर तळवा दाबून धरा आणि दहा मोजा. हात कोरडा निघाला तर उत्तम. ओलसर लागला, किंवा हाताला कुबट वास आला, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी लिहिलंय.

मी हे काम दोनदा केलं. पहिल्यांदा चुकीचं केलं. जुनी हॅचबॅक घेतली होती, आधी किनारपट्टीला फिरलेली. पुढच्या सीटखाली पत्रा लालसर दिसला म्हणून वायर ब्रशनं वरवर घासलं, घरच्या गेटचा उरलेला रेड ऑक्साइड मारला आणि वरनं काळा एनॅमल. काम दिसायला सुरेख झालं होतं. एक पावसाळा गेला. खंडेनवमीला गाडी धुवायला म्हणून कार्पेट उचललं तर रंगाला जागोजागी फोड. एक फोड नखानं उचलला तर खाली ओला गंज, आधीपेक्षा दुप्पट जागेत पसरलेला. माझ्या रंगाखाली तो निवांत वाढत होता.

दुसऱ्यांदा बेळगावच्या उद्यमबागेत उभी हयात घालवलेल्या एका मिस्त्रींना गाडी दाखवली. कुठला रंग मारायचा ते मी विचारत होतो आणि ते फ्लोअरवर बोट फिरवून विचारत होते, "नीरु एल्लिंद बरतैती?" पाणी कुठनं येतंय? त्या प्रश्नापासून सुरुवात केली आणि त्यानंतर तीन पावसाळे त्या फ्लोअरवर गेलेत. पत्रा अजून जशास तसा आहे.

गंजाचं कारण सरळ आहे. लोखंडाला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकदम मिळाला की गंज धरतो. मीठ मिळालं की वेग कितीतरी वाढतो. आता आपल्याकडं गाडीत काय काय जातं ते आठवा. चोर्ला किंवा आंबोली घाटानं येताना डिकीत मासळीचा डबा, त्यातनं गळलेलं खारं पाणी. शेताला जाताना मागच्या सीटवर खताची पोती. पोटॅशच्या खतात क्लोराइड असतं आणि ते पत्र्याला मिठासारखंच लागतं. चिकोडी, निपाणी, रायबाग भागात कृष्णा-वेदगंगा-दूधगंगेच्या २०१९ च्या पुरात उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या पुढं विकल्या गेल्या. अशा गाडीच्या फ्लोअरच्या सांध्यांत गाळ बसलेला असतो आणि तो वर्षानुवर्षं ओल धरून ठेवतो. जुनी गाडी घेताना सीटचे रूळ आणि सीटबेल्टचं खालचं टोक नक्की बघा. बाकी सगळं पॉलिश करता येतं, तिथला चिखल मात्र राहून जातो.

१. आधी हंगाम ठरवा

हे काम पावसाळ्यात करू नका. बेळगाव अडीच हजार फुटांच्या आसपास उंचीवर आहे. जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की घासून चकचकीत केलेला पत्रा काही तासांत पिवळसर पडतो. थंडीतही सकाळी धुकं आणि दव असतं. फेब्रुवारी ते एप्रिल हा सगळ्यात चांगला काळ. मे महिन्यात वळवाचा पाऊस दुपारी अचानक येतो, म्हणून मेमध्ये करणार असाल तर पक्क्या छपराखालीच करा.

एकूण आठ-दहा दिवस गाडी बंद राहील असं धरून चला. प्रत्यक्ष हात चालतात ते तीन दिवस, बाकीचे वाळण्यात जातात. लग्नसराईत दुसरी गाडी नसेल तर तारीख पुढं ढकला, कारण घाई सगळी वाळवण्याच्या वेळेतच कापली जाते आणि काम तिथंच बिघडतं.

२. सामान गोळा करा

सोडण्या-जोडण्यासाठी: पाने आणि सॉकेटचा सेट (सीटच्या बोल्टचं माप गाडीगणिक वेगळं, आधी बघून घ्या), सीटबेल्टच्या बोल्टला काही गाड्यांत चांदणीच्या आकाराचा टॉर्क्स बिट लागतो, प्लॅस्टिकच्या क्लिपा उचलायला प्लॅस्टिकचीच पट्टी, गंज धरलेल्या बोल्टसाठी पेनिट्रेटिंग ऑइल.

घासण्यासाठी: हातवायर ब्रश मोठा आणि छोटा, ४ इंची ग्राइंडर, त्याला वायर कप (तारांचा वाटीसारखा ब्रश) आणि फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती), पॉलिश पेपर ८०, १२० आणि १८० नंबरचा, बोथट खरवडणी, व्हॅक्यूम क्लीनर, लोहचुंबकाचा तुकडा.

रंगासाठी: रस्ट कन्व्हर्टर (खड्ड्यांत उरलेल्या गंजावर लावायचं रसायन), दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर (प्रायमर आणि त्याचा हार्डनर), त्याच कंपनीचा थिनर, पीयू (पॉलियुरेथेन) सीम सीलर, म्हणजे पत्र्याच्या सांध्यांत भरायचा लगदा, वरचा रंग, १ इंची आणि अर्ध्या इंची ब्रश, मास्किंग टेप, धागे न सुटणारी सुती फडकी, मोजमापाला औषधाच्या बाटलीचं मापटं.

अंगासाठी: बंद गॉगल, हातमोजे आणि कार्बनच्या डब्या असलेला मास्क. साधा कापडी मास्क धूळ थोडीफार अडवतो, थिनरची वाफ अजिबात अडवत नाही. गाडीच्या आत डोकं घालून काम करायचं आहे, तेव्हा इथं काटकसर नको. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दम्याचा त्रास जडू शकतो. ज्यांना आधीच दमा आहे त्यांनी हा भाग दुसऱ्याकडनं करून घ्यावा.

दुकानात मराठीत, हिंदीत बोललं तरी सगळीकडं चालतं, पण गॅरेजात गंजाला कानडीत 'तुक्कु' म्हणतात हे लक्षात ठेवा. "तुक्कु हिडदैती", गंज धरलाय, म्हटलं की पुढचं बोलणं लवकर होतं.

३. चेसिस नंबर कुठं आहे ते शोधा, मगच ग्राइंडर हातात घ्या

ही पायरी कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम वेगळी लिहितोय. बऱ्याच गाड्यांत चेसिस नंबर थेट फ्लोअरच्या पत्र्यावर, पुढच्या डाव्या सीटखाली किंवा जवळपास कोरलेला असतो. तिथं फ्लॅप डिस्क फिरली की अक्षरं पुसली जातात आणि मग ती गाडी संशयाची होते. सीमाभागात तर हा नंबर वारंवार लागतो. एमएच किंवा जीए पासिंगची गाडी आपल्याकडं बारा महिन्यांच्या वर राहिली की कर्नाटकात नव्यानं नोंदवावी लागते, एनओसी आणावी लागते. खासगी गाडीची १५ वर्षांची नोंदणी संपली की नूतनीकरण असतं. या कामांत नंबर तपासतात, त्याचा पेन्सिलनं घेतलेला ठसा मागतात.

म्हणून आरसी समोर ठेवा, नंबर जुळवा, फोटो काढा, कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या आणि तो आरसीबरोबर जपून ठेवा. त्या जागेवर जाड टेपचे दोन थर लावा. तिथं गंज असेल तर फक्त मऊ ब्रशनं हातानं साफ करा आणि पातळ ग्रीसचा हात फिरवून सोडा. प्रायमर नको, पुट्टी तर मुळीच नको.

४. फ्लोअर उघडा

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा आणि दहा मिनिटं थांबा. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे किंवा सीटबेल्टच्या यंत्रणेचे असतात. बॅटरी जोडलेली असताना ते ओढू नका. काढल्यानंतर ते परत जोडेपर्यंत चावी फिरवू नका, नाहीतर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा पेटून राहतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो.

सीट निघाल्यावर दाराखालच्या उंबऱ्याच्या पट्ट्या, मधला कन्सोल, बेल्टचा खालचा बोल्ट, आणि मग कार्पेट. प्रत्येक कनेक्टरचा सोडण्याआधी फोटो. बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, पिशवीवर पेननं जागा लिहून.

मी कार्पेट उचललं तेव्हा वरचा थर हाताला जवळजवळ कोरडाच होता. त्याखालचा नमदा मात्र भिजलेल्या पोत्यासारखा जड. पिळला तर तांबूस पाणी धारेनं गळलं, अर्धी बादली भरली. वरनं मॅट सुकी, मधला नमदा ओला, खाली पत्रा सतत भिजलेला. दिवसभर उन्हात गाडी उभी केली की ती ओल तापते, वाफ होते आणि रात्री परत पत्र्यावरच बसते. कार्पेट धुवा आणि उलटं-सुलटं करून तीन-चार दिवस कडक उन्हात टाका. नमदा फार कुजला असेल तर फेकून द्या, कुशनवाल्याकडं मापानं नवा मिळतो.

पत्र्यावर डांबरी पॅड चिकटवलेले असतील, ते आवाज कमी करायला असतात. ते सगळे उखडायची गरज नाही. हातोडीच्या दांड्यानं हलकं ठोका. घट्ट बसलेला पॅड भरीव वाजतो, सुटलेला पोकळ वाजतो. पोकळ वाजेल तेवढाच काढा. पहाटेच्या थंडीत तो कडक असतो, खरवडणीनं तुकडे पडतात.

५. पाणी शोधा

यात माझा एक अख्खा दिवस गेला आणि तो सत्कारणी लागला. पत्रा कोरडा केल्यावर फ्लोअरभर रांगोळीची पातळ पूड भुरभुरवा. एकजण टॉर्च घेऊन आत बसेल, दुसरा बाहेरनं पाइपनं पाणी सोडेल. प्रेशर वॉशर वापरू नका, पावसासारखी हलकी धार हवी. खालनं सुरुवात करायची: आधी दाराचा खालचा भाग, मग खिडकीची रबर, मग पुढची काच, शेवटी छत. प्रत्येक जागेला सात-आठ मिनिटं द्या. वरनं सुरुवात केली तर पाणी सगळीकडनं एकदम ओघळतं आणि काहीच कळत नाही. पूड जिथं काळवंडेल तिथनं ओघळ उलटा वर शोधत जा.

आपल्या भागात बहुतेक वेळा सापडणाऱ्या जागा अशा:

वायपरखालची जाळी. गुलमोहराखाली, चिंचेखाली गाडी लावत असाल तर बारीक पानांचा लगदा तिथं बसतो, निचऱ्याची भोकं बुजतात आणि पाणी ब्लोअरच्या वाटेनं आत येतं. माझ्या गाडीचं मुख्य कारण हेच निघालं. मूठभर काळा लगदा.

दाराच्या आतला प्लॅस्टिकचा पडदा. स्पीकर बसवताना किंवा काचेची मोटर बदलताना तो फाडला जातो आणि परत नीट चिकटवत नाहीत. मग काचेवरनं दारात उतरलेलं पाणी खालच्या भोकातनं बाहेर जायच्या ऐवजी उंबऱ्यावरनं आत येतं.

एसीची निचऱ्याची नळी. उन्हाळ्यातही पुढची डावी बाजू ओली होत असेल आणि पाणी स्वच्छ, बिनवासाचं असेल तर ही नळी सुटलीय किंवा तुंबलीय.

बदललेली पुढची काच. कोपऱ्यात सीलंट तुटक असेल तर डॅशबोर्डच्या मागनं पाणी उतरतं.

मागच्या दिव्यांची रबर. यानं स्टेपनीचा खड्डा भरतो. डिकीत मासळी नेणाऱ्यांनी तो खड्डा गोड्या पाण्यानं धुऊन काढल्याशिवाय पुढं जाऊ नये.

ओल बोटाला चिकट लागली आणि गोडसर वास आला तर ते पावसाचं पाणी नाही, हीटरमधलं कूलंट आहे. ड्रायव्हरच्या पेडलांजवळ तेलकट ओल असेल आणि रंग मऊ होऊन सोलत असेल तर ब्रेक किंवा क्लचचं ऑइल गळतंय. तेव्हा फ्लोअर राहू दे, गाडी आधी ब्रेकसाठी मिस्त्रींकडं न्या.

गळती बंद झाल्यावर पाण्याची चाचणी परत एकदा करा. रांगोळी कोरडी राहिली पाहिजे.

६. गंजाची पारख करा

बोथट स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून बघा.

बोटाला नारिंगी पूड लागते आणि खरवडलं की लगेच चमकणारा पत्रा दिसतो, हा वरवरचा गंज. हे काम घरी होतं.

पापुद्रे निघतात, खाली बारीक खड्डे आहेत, पण दाबल्यावर पत्रा दबत नाही. हेही घरी होतं, वेळ जास्त लागेल आणि कन्व्हर्टर लागेल.

स्क्रू ड्रायव्हर आत जातो किंवा पत्रा कागदासारखा दबतो. इथं थांबा. संध्याकाळी अंधारात गाडीखाली बल्ब लावून वरनं बघा, सुईएवढी भोकंही ताऱ्यांसारखी दिसतात. हा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. त्यावर एम-सील, पुट्टी किंवा फायबर थापणारे खूप भेटतील. त्यांच्या थराखाली पाणी अडकतं आणि भोक मोठं होतं. सीटचे बोल्ट बसतात ती जागा, सीटबेल्टची जागा, जॅक लावायची जागा आणि दाराखालचा उंबरा, या चार ठिकाणी खोल गंज असेल तर घरी हात लावूच नका. अपघातात माणसाला धरून ठेवणारा पत्रा तोच आहे.

७. धुणं आणि तेल काढणं

घासायच्या आधी धुवा. उलटं केलं तर तेल आणि मीठ ब्रशनं पत्र्यात घासलं जातं. भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी, मग स्वच्छ पाण्यानं दोनदा. फ्लोअरला रबरी बुचं असतात, ती काढली की पाणी खाली निघून जातं. पुराची गाडी असेल तर सांध्यांवर हळू धारेनं पाणी सोडत राहा, गढूळ यायचं थांबेपर्यंत. पूर्ण वाळल्यावर फडक्यावर थिनर घेऊन पुसा. एका फडक्यानं पुसायचं, दुसऱ्या कोरड्यानं लगेच टिपून घ्यायचं. एकच फडकं फिरवत राहिलात तर तेल फक्त इकडचं तिकडं होतं.

८. घासणं

ग्राइंडर सुरू करण्याआधी तीन गोष्टी. थिनरचे डबे आणि भिजलेली फडकी गाडीपासून लांब. काचांवर आतनं ओली पोती टाका, कारण ठिणग्या काचेत रुततात आणि ते काळे ठिपके कधीच निघत नाहीत. शेजारी पाण्याची बादली आणि जमलं तर अग्निशामक सिलिंडर.

फ्लोअरचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतच असतो. दगडाची ग्राइंडिंग डिस्क लावली की गंजाबरोबर पत्राही जातो. मोकळ्या जागेवर वायर कप, काठांना फ्लॅप डिस्क हलक्या हातानं, कोपऱ्यांत आणि पन्हाळ्यांत हातब्रश. एका जागी थांबू नका, पत्रा निळा पडला तर तुम्ही तो जाळताय. उंबऱ्याच्या कडेनं वायरिंगची जुडी जाते, ती आधी बाजूला बांधून ठेवा. वायर कपच्या तारा तुटून सुईसारख्या उडतात, म्हणून गॉगल बंदच हवा, उघड्या बाजूंचा चष्मा चालत नाही.

गंजाच्या डागापुरतंच घासून भागत नाही. डागाच्या चारी बाजूंना दोन बोटं अंतरावरचा चांगला दिसणारा रंगसुद्धा घासा, कारण गंज रंगाखालनं सरकत गेलेला असतो. मिस्त्रींनी मला नखाची परीक्षा शिकवली: जुन्या रंगाच्या काठावरनं नख फिरवायचं. नख अडकलं तर काठ अजून उभा आहे. १२० आणि मग १८० पेपरनं तो उतरता करत न्यायचा, नख सरळ घसरेपर्यंत. उभ्या काठावर रंग पातळ बसतो आणि तिथूनच परत फुटतो.

शेवटी व्हॅक्यूम आणि मग चुंबक फडक्यात गुंडाळून सगळ्या कोपऱ्यांतनं फिरवा. घासताना पडलेली लोखंडाची भुकटी सांध्यात राहिली तर पहिल्या दमट दिवशी तीच गंजते. माझ्या पहिल्या कामात रंगावर जे लाल ठिपके उमटले होते, त्यातले निम्मे या भुकटीचे होते.

९. कन्व्हर्टर कुठं लावायचा आणि कुठं नाही

कन्व्हर्टरबद्दल जास्तच आशा बाळगली जाते. बहुतेकांत फॉस्फोरिक आम्ल असतं, ते गंजाचं लोहफॉस्फेट करतं आणि रंग राखाडी-काळा होतो. काहींत टॅनिन असतं, ते निळसर काळं पडतं. दोन्ही काम करतात ते खड्ड्यांत उरलेल्या पातळ गंजावर. पापुद्र्यांवर ओतलं तर फक्त वरचा थर काळा होतो, खालचा जिवंत राहतो. चकचकीत पत्र्यावर त्याचं काहीच काम नाही.

अर्ध्या इंची ब्रशनं फक्त खड्ड्यांत भरा. काळं पडताना डोळ्यांसमोर दिसतं, दहा-पंधरा मिनिटांत तांबूस ठिपका शाईसारखा होतो. मग बाटलीवर लिहिलंय तसं करा: काही धुवायचे असतात, काही तसेच वाळवायचे. जो धुवायचा असतो तो न धुता वर इपॉक्सी मारला तर उरलेल्या आम्लामुळं प्रायमर नीट धरत नाही आणि महिन्याभरात साल निघावी तसा निघतो. विकत घेतानाच दुकानदाराला विचारा की याच्यावर इपॉक्सी चालतो का, आणि प्रायमरच्या डब्यावरही वाचा. दोघांचं जमत नसेल तर कन्व्हर्टर सोडा आणि बारीक ब्रशनं खड्डे आणखी खोल साफ करा. धुतल्यावर हेअर ड्रायरनं सांधेसुद्धा पूर्ण वाळवा.

१०. प्रायमर, आणि तोही त्याच दिवशी

सकाळी घासलं तर संध्याकाळच्या आत प्रायमर बसलाच पाहिजे. उद्यावर ठेवलेला उघडा पत्रा रात्रीच्या दवात डोळ्यांना न दिसणारा गंज धरतो. सगळं फ्लोअर एका दिवसात झेपत नसेल तर चार भाग करा. आज पुढचा डावा, घासणं ते प्रायमर पूर्ण. उद्या उजवा.

वेळ सकाळी अकराच्या पुढची धरा. पत्रा हाताला गार लागत असेल तर थांबा. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त, हा पोलादावर रंग मारणाऱ्यांचा सर्वमान्य नियम आहे. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ गाडीत ठेवलं की अंदाज बांधावा लागत नाही. चारनंतर नवा हात सुरू करू नका. गळीत हंगामात रस्त्याकडेला ट्रॅक्टरची धूळ असते, शेडला पडदा बांधा.

बोल्टच्या भोकांत जुने बोल्ट अर्धे फिरवून ठेवा म्हणजे आट्यांत रंग जात नाही. अर्थिंगच्या वायरी जिथं पत्र्याला बोल्टनं जोडलेल्या असतात तिथं टेप लावा. अर्थखाली रंग गेला की दिवे मंद होणं, सेन्सरचे खोटे इशारे असे त्रास सुरू होतात आणि कारण लवकर सापडत नाही. निचऱ्याच्या भोकांच्या काठांना मात्र ब्रशनं आवर्जून रंग द्या, गंज तिथूनच सुरू होतो.

इपॉक्सी आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर दिलेलं असतं. ते मापट्यानं मोजा. अंदाजानं हार्डनर कमी पडला तर थर चिकट राहतो, जास्त पडला तर ठिसूळ होतो. मिसळल्यावर तो काही तासांतच डब्यात घट्ट होतो, म्हणून एका वेळी पेलाभरच कालवा. आधी सांधे, काठ आणि खड्डे छोट्या ब्रशनं रंगवून घ्या, मग सगळीकडं पहिला पातळ हात. डब्यावरची वेळ पाळून दुसरा हात आडव्याला उभा. स्प्रे गन असली तरी आतनं ब्रशच बरा: वाफ कमी उडते आणि खड्ड्यात रंग दाबून भरता येतो.

चारी दारं उघडी, बॅटरी सुटलेली, शेडमध्ये विडी-उदबत्ती काही नाही. डोकं जड वाटलं तर लगेच बाहेर या.

रेड ऑक्साइडबद्दल विचारतातच म्हणून लिहितो. गेट आणि ग्रिलला तो ठीक आहे. कार्पेटखाली ओल धरणाऱ्या जागेला मी तो परत वापरणार नाही. इपॉक्सी पाणी कितीतरी चांगलं अडवतो.

११. सीलर आणि वरचा रंग

दोन पत्र्यांच्या सांध्यांत कंपनीनं भरलेला सीलर घासताना निघाला असेल, तर प्रायमर वाळल्यावर पीयू सीम सीलर भरून ओल्या बोटानं दाबा. प्रायमरच्या आधी उघड्या पत्र्यावर भरू नका. एसीच्या नळीचं भोक आणि उंबऱ्याची निचऱ्याची भोकं बुजवायची नाहीत. सगळं बंद केलं की पाणी आत येणार नाही असं वाटतं, पण आत आलेलं बाहेर जात नाही.

वर पीयू किंवा साधा काळा चेसिस रंग, दोन हात. फ्लोअर कुणाला दिसत नाही, शेड जुळवायला पैसे घालू नका. एनॅमलवर थिनरचा तेज रंग मारला तर खालचा थर सुरकुततो, म्हणून प्रायमर आणि वरचा रंग शक्यतो एकाच दुकानातून, एकमेकांवर चालतात का ते विचारून घ्या.

१२. गाडीची खालची बाजू

वरनं गंज आहे तिथं खालनंही बघा. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, मजबूत स्टँड किंवा गॅरेजचा रॅम्प घ्या. खालनं ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या जातात, त्यांच्या जवळ ग्राइंडर नको, हातब्रशच. धुलाई सेंटरवर 'अंडरकोटिंग करून घ्या' म्हणून मागं लागतात. चिखलावर आणि गंजावर मारलेलं रबरी कोटिंग आत पाणी कोंडून ठेवतं आणि वरनं वर्षभर चांगलं दिसतं. आधी साफसफाई, प्रायमर, मगच कोटिंग. उंबऱ्याच्या पोकळीत रंग पोचत नाही, तिथं नळीनं मारायचं कॅव्हिटी वॅक्स मिळतं.

१३. परत बसवताना

प्रायमर आणि रंग हाताला कोरडे लागले तरी आठवडाभर फ्लोअर उघडं ठेवा, दिवसा दारं उघडी. लवकर कार्पेट टाकलं तर अडकलेल्या थिनरचा वास महिनाभर जात नाही आणि मऊ रंगाला नमदा चिकटतो. रबरी बुचं नवी घ्या, काठाला थोडा सीलर लावून बसवा. पिवळे कनेक्टर जोडले का ते दोनदा बघा, मग बॅटरी. सीटचे आणि बेल्टचे बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनं आवळा. टॉर्क पाना नसेल तर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत न्या आणि आवळून घ्या.

मॅट टाकण्याआधी चारी पायांच्या जागी कार्पेटखाली वर्तमानपत्राचं एकेक पान सरकवून ठेवा. मृगाचे पहिले चार-पाच मोठे पाऊस झाले की पानं ओढून काढा. माझ्याकडं पहिल्या वर्षी तीन कोरडी निघाली आणि डाव्या पुढच्या पानाच्या कोपऱ्याला बोटभर ओल होती. जाळीखाली परत चिंचेची पानं साठली होती. ती काढली, नवं पान ठेवलं, आणि ऑगस्टमध्ये ते कोरडं निघालं.